बसऱ्याचा भोवरा

अण्णांचा फोन ऑफिसच्या वेळेत आला की माझ्या पोटात गोळा येतो. आजी एक्क्याण्णव वर्षांची आहे, त्यामुळे सकाळी अकराला स्क्रीनवर ‘अण्णा’ दिसलं की मी मीटिंग सोडून पॅन्ट्रीकडे पळते. त्या दिवशी मात्र अण्णा भलतेच खुशीत होते.

“तुझ्या त्या कॉम्प्युटरवर एक झकास पाटी करून दे. मोठ्या अक्षरात, लांबून वाचता आली पाहिजे. आपला भोवरा काचेच्या पेटीत जाणार!”

झालं होतं असं, की गावच्या शाळेत (अण्णांनी तिथे एकोणीस वर्षं शिकवलं) गावातल्या सैनिकांसाठी एक कोपरा करायचं ठरलं होतं. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. कोणाकडून पदकं, कोणाकडून फोटो आणि आमच्याकडून भोवरा. पाटीचा मजकूरही अण्णांनी तयार ठेवला होता : ‘पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर शत्रूने झाडलेल्या तुर्की तोफगोळ्याची टोपी.’ खाली पणजोबांचं नाव.

मी म्हटलं, “देते. फॉन्ट कुठला हवा?” तोपर्यंत माझ्या दृष्टीने हे दहा मिनिटांचं काम होतं.

भोवरा म्हणजे काय ते सांगते. अर्ध्या किलोच्या वर भरेल असा पितळी, बसका शंकू. मुठीत धरला तर बोटं जेमतेम जुळतात. मधोमध दोन कडी, त्यातलं खालचं फिरतं आणि त्यावर गजाच्या पट्टीवर असतात तशा बारीक रेघा. शून्यापासून बावीसपर्यंत. आमच्या सातारकडच्या घरात हा देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर असायचा. पणजोबा लढाईहून घेऊन आले म्हणून ‘बसऱ्याचा’ आणि आकार तसा म्हणून ‘भोवरा’. (फिरायचा मात्र कधीच नाही. आम्ही जाळी लावून बघितलंय.) घरातल्या प्रत्येक पोराच्या वाढदिवसाला ते कडं त्याच्या वयाच्या आकड्यावर आणायचं, हा आमचा रिवाज. बावीस झाले की संपलं, तुम्ही मोठे झालात, भोवरा धाकट्यांचा. माझी बावीशी झाली त्या दिवशी मी खरंच रडले होते. कॅम्पस प्लेसमेंट झालेली मुलगी, आणि पितळेच्या तुकड्यासाठी रडतेय!

आणि गोष्ट. गोष्ट तर सगळ्या गावाला पाठ. तुर्कांचा गोळा पणजोबांच्या पुढ्यात पडला, फुटला नाही, पणजोबांनी त्याची टोपी काढून खिशात घातली. अण्णा दर पंधरा ऑगस्टला वर्गात भोवरा घेऊन जायचे आणि ही गोष्ट सांगायचे. एकोणीस वर्षं! गावातल्या निम्म्या तरुण पोरांना शिवाजी महाराजांनंतर बहुतेक आमचे पणजोबाच ठाऊक असतील.

पाटीवर फोटो टाकायचा म्हणून आत्याने व्हॉट्सॲपवर भोवऱ्याचे चार फोटो पाठवले. त्यातला एक मी लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या कर्नल काकांना दाखवला. ते लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरमधून निवृत्त झालेत, आयुष्य दारूगोळ्याच्या कोठारांत गेलं. वाटलं, काका खूष होतील. काकांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि एकदम अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं,

“हे आत्ता कुठे आहे?”

“गावाला. फळीवर.”

“हात लावू नका म्हणून सांग. आणि आधी ११२ ला फोन कर, मग चहाला ये.”

काकांचं म्हणणं असं की, ही गोळ्याची नुसती टोपी नाही, हा फ्यूज आहे. घरात लाइट गेल्यावर बघतो तो नव्हे, ह्याचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा लष्करात ‘झेड’ने करतात. गोळा कधी फुटायचा हे ठरवणारा भाग. त्याच्या आत सुरुंगाची टोपी असते, दारू असते, आणि शंभर वर्षांत ती शहाणी होत नाही, उलट जास्त चिडकी होते. “झाडलेला असेल तर तो पेपरवेट. झाडलेला नसेल तर तो फ्यूज. फोटोवरून मी सांगणार नाही, आणि तूही घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ठरवायचं नाही.”

माझ्या डोळ्यांसमोर पन्नास वाढदिवस तरळून गेले.

घरी काय रामायण झालं ते सांगत बसत नाही. जिल्ह्याहून बॉम्ब शोधक व नाशक पथक आलं, घराभोवती दोरी बांधली, आजीला खुर्चीसकट शेजारच्या अंगणात नेऊन बसवलं. आजी जाम खूष, इतके पाहुणे तिच्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच आले होते. तासाभराने हवालदार बाहेर आले. म्हणाले, झाडलेला आहे. बुडाची दारूची पेटी रिकामी, आतून काळी पडलेली, कड्यांमधली दारू जळून गेलेली. कागदावर सही घेतली, भोवरा परत दिला, आणि जाताना एकाने हळूच आत्याला विचारलं, “हे कडं फिरतंय व्हय?”

मग मी चहाला गेले. काकांकडचे ते चार-पाच रविवार म्हणजे माझ्यासाठी एक नवीनच दालन होतं. त्यांच्याकडे ब्रिटिश युद्ध खात्याच्या १९१५ सालच्या ‘ट्रीटाइज ऑन अम्युनिशन’ची प्रत आहे. त्यातल्या आकृत्या बघताना मला आमच्या कंपनीचे फ्लोचार्ट आठवले, फक्त ह्या जास्त सुबक होत्या.

काकांची पहिली अट : गोष्ट विसरायची. “कुणाच्या आजोबांनी काय सांगितलं ते नंतर. आधी वस्तू काय सांगते?” वस्तू सांगते ती धातूतून, आकारातून, आकड्यांतून आणि लिपीतून.

फ्रेंचांचा घ्या. त्यांच्या प्रसिद्ध ७५ मिलिमीटर तोफेच्या वेळेच्या फ्यूजला फिरतं कडंच नाही. शंकूभोवती शिशाची बारीक नळी गुंडाळलेली, आत दारू, आणि गोळा डागायच्या आधी एका यंत्राने हव्या त्या सेकंदाच्या जागी त्याला भोक पाडायचं. म्हणून रणांगणात सापडलेल्या फ्रेंच फ्यूजच्या अंगावर भोक दिसतं, बस तिकिटाला पंच केल्यासारखं. जर्मनांच्या फ्यूजवर ‘डॉप. झेड.’ अशी अक्षरं कोरलेली असतात. म्हणजे दुहेरी : वेळ संपली तरी चालतो, आणि त्याआधी आदळला तरी चालतो. नंतर ‘९६’सारखं सालाचं वळण. त्यांच्या मैदानी तोफांच्या फ्यूजवर पट्टी सेकंदांची नसून मीटरांची असते. तोफवाल्याने अंतर बघायचं, कडं तेवढ्यावर फिरवायचं. नाकेबंदीमुळे जर्मनीत तांब्याचा तुटवडा झाला, तसं पितळ जाऊन लोखंड आणि इतर हलके धातू आले. म्हणजे नुसत्या रंगावरून युद्ध कुठवर आलं होतं त्याचा अंदाज येतो!

“आणि बावीस?” मी विचारलं. माझा जीव त्या बावीसमध्ये अडकलेला.

“बावीस रशियनांचाही असतो. त्यांच्या तीन इंची तोफेचा फ्यूज बावीस सेकंदांचा. पण त्यावर रशियन लिपी हवी.”

“तुर्की?”

“तुर्कांच्या फ्यूजवर आकडे अरबी लिपीतले. तेव्हा ते तुर्की भाषाही त्याच लिपीत लिहायचे, रोमन अक्षरं आली १९२८ मध्ये. तुझ्या भोवऱ्यावर आकडे कसले आहेत?”

मी फोटो बघितला. आयुष्यात हजार वेळा ते कडं फिरवलंय. शून्य, एक, दोन, तीन... इंग्रजी. लख्ख इंग्रजी. आमच्या घरात सगळे ग्रॅज्युएट, आणि एवढ्या वर्षांत कोणाच्याही मनात आलं नाही की तुर्कांनी आपल्या गोळ्यावर इंग्रजीत आकडे का लिहावेत!

मग काकांनी दाखवलं ते ‘कोंबड्याच्या पायाचं’ चिन्ह. तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या. आम्ही मुलं म्हणायचो, हा सुलतानाचा शिक्का. काका म्हणाले, हा ब्रॉड ॲरो. ब्रिटिश सरकारी मालाची खूण, शतकानुशतकं वापरात असलेली. शेजारी ‘८०’, त्यापुढे एक रोमन आकडा, आणि एक तारीख, ३/१७. मार्च १९१७. कारखान्याची अक्षरं होती, पण पुसट. काकांनी भिंग लावून बरीच खटपट केली, शेवटी हताश होऊन विचारलं, “हे असं गुळगुळीत कशाने झालं?”

चिंचेने. दर दिवाळीला, शंभर दिवाळ्या. आधी चिंच आणि राख, मग नुसती चिंच. काकांनी कपाळाला हात लावला.

तर आमचा भोवरा म्हणजे ब्रिटिशांचा ‘नंबर ८०’. त्यांच्या १८ पाउंडर तोफेच्या श्रॅपनेल गोळ्यावर बसणारा. श्रॅपनेल गोळा फुटून त्याचे तुकडे उडतात असं मला वाटायचं, ते चूक. त्याच्या पोटात पावणेचारशेच्या आसपास शिशाचे छरे भरलेले असतात. गोळा हवेत, शत्रूच्या जरा अलीकडे असतानाच आतली दारू पेटते आणि छरे पुढे फेकले जातात, बंदुकीच्या नळीतून सुटल्यासारखे. फ्यूज तेव्हा उडून जातो आणि कुठेतरी खाली पडतो, बऱ्यापैकी शाबूत. म्हणून तर लोकांच्या घरी इतके सापडतात. ‘गोळा फुटलाच नाही’ हा आमच्या गोष्टीतला भाग तिथेच बाद झाला.

आणि ते हवेत नेमकं कधी, हे ठरवणारं आमचं कडं. डासांची कॉइल डोळ्यांसमोर आणा. तशा दारूच्या दोन कॉइल, एकावर एक ठेवलेल्या कड्यांच्या पोटात. तोफ डागल्याच्या धक्क्याने वरची पेटते, जळत जळत एका भोकापाशी येते, तिथून ठिणगी खालच्या कॉइलला, मग बुडात, मग गोळ्यात. खालचं कडं फिरवलं की जळायची लांबी कमी-जास्त होते. बस्स. ना बॅटरी, ना चिप.

“कितीवर होता?” काकांनी विचारलं. “आणला तेव्हा कड्याचा आकडा?”

मी गप्प. पणजोबांनी उचलला तेव्हा तो ज्या आकड्यावर होता, त्यावरून तोफ किती लांब होती ते कळलं असतं. चार पिढ्यांच्या वाढदिवसांत तो आकडा केव्हाच हरवला. मला पहिल्यांदाच त्या रिवाजाचं वाईट वाटलं. पण खरं सांगू, फार नाही.

मला सगळ्यात हादरवलं ते पुढच्या रविवारी. हा नंबर ८० मूळ डिझाइन म्हणून ब्रिटिशांचाच नाही! तो जर्मनीतल्या एसेनच्या क्रुप कंपनीचा. विकर्स या ब्रिटिश कंपनीने युद्धाच्या आधी त्याचा परवाना घेतला होता, एका फ्यूजमागे एक शिलिंग तीन पेन्स अशा बोलीवर. पुढे दोन्ही देश एकमेकांवर तुटून पडले आणि ब्रिटनने हे फ्यूज प्रचंड संख्येने बनवले. स्वतःकडे पुरेना म्हणून परदेशातूनही मागवले. १९१५ मध्ये कॅनडाच्या शेल कमिटीने अमेरिकेतल्या दोन कंपन्यांना एकूण ५० लाख फ्यूजची ऑर्डर दिली, त्यात नंबर ८० सुद्धा होते. ते कंत्राट इतकं गाजलं की १९१६ मध्ये त्याची चौकशी बसली. आणि युद्ध संपल्यावर क्रुपने काय करावं? विकर्सकडे रॉयल्टी मागितली! जर्मन सैनिकांवर पडलेल्या गोळ्यांची रॉयल्टी. शेवटी १९२६ मध्ये ४०,००० पाउंडांवर तडजोड झाली. आमच्या लीगल डिपार्टमेंटला सांगितलं तर ते म्हणाले, त्यात काय, करार तो करार.

आणि पलीकडे तुर्कांच्या तोफा? त्याही मोठ्या प्रमाणावर क्रुपच्याच. म्हणजे साताऱ्याहून गेलेला आमचा माणूस टायग्रिसच्या काठी मान खाली घालून पळत असताना त्याच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंनी एकाच घराण्याची अक्कल उडत होती.

‘हा कुठल्या देशाचा?’ असं आता कोणी विचारलं तर मी उलट विचारते, कुठला देश हवाय? डोकं जर्मनीचं, शिक्का ब्रिटनचा, पितळ कुठल्या कारखान्यातलं ते चिंचेने खाल्लं, पडला इराकात, राहिला कोरेगाव तालुक्यात.

हे सगळं मजेत चाललं होतं, पण पाटी बाकी होती. आणि अण्णा रोज विचारत होते.

मी गावी गेले. आधी आजीकडे बसले. पणजोबा १९६१ मध्ये गेले. त्यांच्या तोंडून काही ऐकलेली, आज हयात असलेली ती एकटीच. ती १९५० मध्ये लग्न होऊन आली. सासऱ्यांसमोर बोलायची टाप नव्हती, पण दाराआडून ऐकायला कोण अडवतंय?

“आजी, पणजोबा भोवऱ्याचं नेमकं काय सांगायचे?”

“काय न्हाई. लई बोलायचं न्हाईत मामंजी. कुणी इचारलं तर म्हनायचं, ‘आमच्या म्होरं पडला.’ बास.”

“तुर्कांनी टाकला म्हणाले?”

“त्ये कुटं म्हनलं? त्ये तुझ्या आज्यानं लावलं मागनं.” आजी जरा थांबली. “कढत हुता म्हनायचं. हाताला चटका बसला, मग पटक्यात गुंडाळला.”

मी तशीच अंगणात जाऊन कर्नल काकांना फोन लावला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गरम होता म्हणजे पडून काही मिनिटंच झालेली. आणि ‘आमच्या पुढे’ म्हणजे पलटण पुढे चाललेली. आपल्याच तोफा डोक्यावरून मारा करतात, आणि पायदळ त्या माऱ्यामागून पळत जातं.” पणजोबांच्या डिस्चार्जच्या कागदावर पलटण आहे ११४ मराठा. ही पलटण ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या दक्षिणेला शरकतच्या लढाईत होती. तुर्कांशी तह झाला ३० ऑक्टोबरला. लढाई संपायला दिवस उरलेले, आणि ही पोरं उघड्या माळावरून पळतायत. भोवरा त्याच दिवसांतला की आधीचा, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

“आणि एक सांगू?” काका म्हणाले. “ह्या दारूच्या वाती काही घड्याळासारख्या जळत नसत. उष्णता, दमटपणा, सगळ्याचा परिणाम. अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे शंभर-दीडशे मीटर. आपल्याच गोळ्याने आपलीच माणसं जायची. तुझे पणजोबा त्याच्या मागे होते, म्हणून तू फोन करतेयस.”

अण्णांना मी रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. लॅपटॉप उघडून, फोटो दाखवून, अगदी प्रेझेंटेशन दिल्यासारखं. ती माझी चूक झाली. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे एकोणीस वर्षं मी पोरांना खोटं शिकवलं.”

“तसं नाही अण्णा...”

“मग कसं? उद्या ती पोरं येतील उद्घाटनाला. त्यातली तीन फौजेत आहेत. ह्याच गोष्टीमुळे गेलो म्हणतात.”

ह्यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती. आजीचं ‘कढत हुता’ सांगायचं राहूनच गेलं होतं, ते सांगितलं. अण्णांनी आईकडे म्हणजे माझ्या आजीकडे बघितलं. “आई, हे मला कधी बोलली नाहीस?”

“तू कधी इचारलंस?” आजी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मी पुण्याला परत आले. चार दिवस अण्णांचा फोन नाही. मी दोन पाट्या तयार करून ठेवल्या होत्या, जुन्या मजकुराची आणि नव्या मजकुराची, आणि दोन्ही पाठवायचा धीर होत नव्हता. मनात आलं, सोड ना. शंभर वर्षं चाललंय, आणखी चालेल. गावातलं कोण कर्नल काकांकडे चहाला जाणार आहे?

पाचव्या दिवशी, पुन्हा अकरा वाजता, फोन. मी पॅन्ट्रीत.

“लिहून घे,” अण्णा वर्गातल्यासारखे म्हणाले. “ब्रिटिश तोफगोळ्याचा फ्यूज, नंबर ८०. मार्च १९१७. मूळ रचना जर्मन. ११४ मराठा पलटण पुढे जात असताना पलटणीच्या पुढ्यात पडला. गरम असताना उचलला.”

“पुढे ‘शत्रू’ वगैरे?”

“नको. आणि खाली, बारीक अक्षरात : ‘माहिती आईकडून’. तिचं पूर्ण नाव टाक. काना-मात्रा बघून.”

मी टाइप करत होते. मागे आमच्या टीम लीडने काचेवर टकटक केलं, मी हात हलवला.

“अजून एक,” अण्णा म्हणाले. “पेटीला कुलूप आहे, पण किल्ली मी माझ्याकडे ठेवतोय. धाकट्याच्या पोराचा मार्चमध्ये वाढदिवस आहे, चार वर्षांचा होईल. आणि तुझ्या आत्याला तू सांग, माझं ऐकत नाही ती. उद्घाटनाच्या आधी चिंच लावायची नाही म्हणावं.”